मदत हवी आहे: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर शरीरातलं बनणं थांबतं का?

चौकस_बाळ्या:
नमस्कार मंडळी. वय ३४, मुलाचा विचार चालू आहे. थकवा, चिडचिड फार वाढली म्हणून रक्त तपासलं, तर टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या जरासं खाली. (रक्त संध्याकाळी दिलं होतं, सांगून ठेवतो.) जिममधला एक मित्र इंजेक्शन घेतो. त्याचं म्हणणं, टाकीत पाणी कमी आहे ना, मग वरून ओतायचं. शरीर आपलं काम करत राहतं. पुरावा म्हणून स्वतःचा रिपोर्ट दाखवला, टेस्टोस्टेरॉन एकदम झकास! मग आतली निर्मिती बंद पडते म्हणतात ते फक्त जिमवाल्यांच्या भरमसाट डोसबद्दल का? जेल लावलं तर चालेल? 'डॉक्टरांना विचारा' म्हणू नका, पुढच्या आठवड्यात भेट आहेच. काय विचारायचं ते कळलं तरी पुरे.

निशाचर:
डॉक्टरने दिलेल्या साध्या डोसनेही दबते. मित्राने टाकीची गोष्ट अर्धीच सांगितली. टाकी वरून भरली की खालची मोटर बंद होते, ते राहिलं.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं. रक्तात ते पुरेसं दिसलं की मेंदू एलएच आवरतं घेतो. माल वृषणातून आला की सुईतून, त्याला काही देणंघेणं नाही.

आणि तो रिपोर्ट कसला पुरावा? त्यात दिसतंय ते इंजेक्शनमधलंच टेस्टोस्टेरॉन. त्याला एलएच, एफएसएच तपासायला सांगा, बहुधा तळाला गेलेले सापडतील.

तुमच्यासाठी कळीचा मुद्दा मुलाचा. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं आणि शुक्राणू बनायला तेच लागतं. बाहेरून घेतलेलं तिथे ती पातळी गाठत नाही. म्हणजे रिपोर्ट झकास आणि वीर्यात शुक्राणू शून्य, असं खुशाल होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर आठवड्याला २०० मिग्रॅ टेस्टोस्टेरॉन एनँथेट देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचण्या केल्या होत्या, निकाल १९९० मध्ये आले. बहुतेकांचे शुक्राणू शून्यावर गेले होते!

जेलनेही दबतं, फार तर थोडं कमी.

चौकस_बाळ्या:
बाप रे, गर्भनिरोधक! हे कोणी बोललंच नव्हतं. थांबवलं तर परत सुरू होतं का? आणि डीएचईएच्या गोळ्या?

सांजवात:
बहुतेकांचं होतं, पण सावकाश. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने जातात. त्या गर्भनिरोधक चाचण्यांतल्या बहुतेकांची संख्या वर्षभरात सावरली, काहींना दोन वर्षंही लागली. पण ते निरोगी लोक, मोजका डोस. वर्षानुवर्षं तीन-चार स्टिरॉइड एकत्र घेणाऱ्यांना हा हिशोब लावू नका. मधले महिनेही वाईट जातात: बाहेरचं बंद, आतलं अजून चालू नाही, आणि थकवा पहिल्यापेक्षा जास्त.

डीएचईए हे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचं संप्रेरक, त्याचा कारभार एलएचकडे नाही. त्यामुळे दबण्याची भीती कमी, पण तुमच्या वयाच्या पुरुषाला फायदाही जवळपास नाही.

आधी तपासणी पुन्हा करा: सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी. संध्याकाळी पातळी उतरलेलीच असते, त्या एका आकड्यावर काही ठरवू नये. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक संप्रेरक) आणि वीर्यतपासणी. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आणि एलएच चढलेलं असेल तर दोष वृषणात. एलएचही कमी किंवा जेमतेम असेल तर वरच्या बाजूला, म्हणजे हायपोथॅलॅमस किंवा पिट्युटरीत. घोरणं, वजन, झोप हेही सांगा, त्यानेही पातळी पडते.

निशाचर:
+१. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मूल हवंय' हे सांगा. मग गरज पडलीच तर ते टेस्टोस्टेरॉनऐवजी क्लोमिफीन (पिट्युटरीकडून एलएच वाढवून घेणारी गोळी) किंवा एचसीजी या इंजेक्शनचा विचार करतील. एचसीजी एलएचसारखंच काम करतं, त्यामुळे वृषण चालू राहतं. तपासणीआधी मित्राकडचं काही टोचून घेऊ नका, नाहीतर एलएचचा आकडा वाचायच्या लायकीचा राहणार नाही.