'धग' अर्ध्यात सोडू नका

'धग' ही कादंबरी वऱ्हाडी बोलीमुळे पन्नास पानांत सोडून दिली, असं एकांनी लिहिलंय. वाचून वाईट वाटलं. कृपया ती पुन्हा हातात घ्या, आणि या वेळी मोठ्याने वाचा.

पहिल्यांदा मीही अडखळले होते. मग रात्री जेवणं उरकली की आईला वाचून दाखवायला लागले. आई मूळची अमरावतीकडची. लग्न होऊन नाशिकला आली त्याला चाळीस वर्षं झाली, पण माझा एखादा हेल चुकला की ती भाजी निवडता निवडता थांबायची आणि ते वाक्य स्वतः म्हणून दाखवायची. तिच्या तोंडून ऐकलं आणि कादंबरीची नायिका कौतिक मला समोर बसलेली दिसायला लागली. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० ची. नवरा, मुलं, उपासमार, सगळं एकटीने ओढणारी अशी बाई मराठीत मला दुसरी भेटलेली नाही. शेवटची पानं आईने वाचू दिली नाहीत, "उद्या वाच" म्हणाली. तो उद्या चार दिवसांनी आला.

वाचाच असं दुसरं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. ही कादंबरी नाही हे मान्य, पण कादंबरीपेक्षा जास्त ओढून नेते. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली ही बाई नवऱ्याच्या धर्मांतराने झालेली ताटातूटसुद्धा कसलाही आव न आणता सांगते. आईला आता तेच वाचून दाखवतेय.