तांबेकर वाडा, कीर्तिमंदिर, फाइन आर्ट्स: एका दिवसात क्रम कसा ठेवावा?

मंडळी, बडोद्याला सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचं (कला शाखेचं, चित्र-शिल्प शिकवतात ती) वार्षिक प्रदर्शन लागलं की त्याच दिवशी तांबेकर वाडा आणि कीर्तिमंदिरही बघायचंय. आम्ही आठ जण, त्यात दोन ज्येष्ठ. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
ताई, सकाळी आधी रावपुऱ्यातला वाडाच. दिवाण भाऊ तांबेकरांच्या या लाकडी वाड्यात भिंतीच्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत आणि ती दिवसाच्या उजेडातच खुलतात. जिना अरुंद आहे, चौघे-चौघे चढा. ज्येष्ठांच्या पुढे एक, मागे एक असावा. सॅक पाठीवर नको, पोटाशी धरा. वळताना तिची चेन भिंतीला घासते आणि रंगाचा पापुद्रा सुटतो. फ्लॅश बंद, बोट तर अजिबात लावू नका. जिथे पांढरी भुकटी दिसेल तिथे भिंतीतली ओल सुकताना क्षार बाहेर आलेले असतात, रंग नुसता टेकलेला असतो. तिथे फुंकरसुद्धा नको.

उत्तर २
कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड राजघराण्याचं स्मारक, उघडं आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. आत चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, महाभारतयुद्ध, मीराबाई, नटीर पूजा (टागोरांचं नाटक). आधी लांबून पूर्ण भिंत बघा, मग जवळ जा. छोटी दुर्बीण असेल तर उत्तम, बोसांची रेषा तिच्यातून कळते.

उत्तर ३
फाइन आर्ट्स शेवटी ठेवा, तिथे वेळ पुरत नाही. ही फॅकल्टी 1950 पासूनची आहे. छापचित्रांच्या खोलीत ठशाची प्लेट आणि छाप शेजारी दिसले तर नीट बघा: प्रतिमा उलटी असते. दोरीवरचे कागद ओले असतात, हात लावू नका. विद्यार्थ्यांना प्रक्रिया जरूर विचारा, मनापासून सांगतात.