सी++ प्रोजेक्टमध्ये वॉर्निंगना एरर करावं का? सल्ला हवाय

शेवंती_१२: मंडळी, आमचा सी++ प्रोजेक्ट आहे, आम्ही दोघंच डेव्हलपर. कंपायलर जीसीसी, बिल्ड सीमेकने, नेहमीच्या वॉर्निंग दाखवणारा डब्ल्यू-ऑल (-Wall) पर्याय चालू आहे आणि बिल्ड केलं की वॉर्निंगचा नुसता पूर येतो, कोणीच बघत नाही. डब्ल्यू-एरर (-Werror) टाकायचं म्हणतेय, म्हणजे वॉर्निंग आली की बिल्डच थांबेल. वेळ फक्त दोन दिवस, पैसे शून्य. काय करू?

घाटवाट: बिनधास्त टाका. आमच्या टीमने पहिल्या दिवसापासून ठेवलंय, आजही बिल्ड स्वच्छ आहे. फंक्शनमध्ये रिटर्न राहिला की सी++ मध्ये ती नुसती वॉर्निंग असते, पण जीसीसी ८ पासून ऑप्टिमायझर (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) तिथवर कोड पोचतच नाही असं धरून चालतो, मग प्रोग्राम सरळ पुढच्या फंक्शनमध्ये घुसू शकतो. आम्हाला असले बग माहीतच नाहीत.

रानमेवा: लायसन्सवालं स्टॅटिक अ‍ॅनालायझर (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) घ्या, आम्ही घेतलंय, महाग आहे पण वसूल होतं.

शेवंती_१२: पैसे शून्य लिहिलंय हो वर.

कडकचहा: अजिबात टाकू नका!! एका लायब्ररीच्या सोर्समध्ये डब्ल्यू-एरर होतं, आम्ही नवा कंपायलर घातला आणि कोडला हात न लावता बिल्ड बंद, रिलीज त्यातच अडकली. जीसीसी ७ ने स्विच-केसच्या फॉलथ्रूची (ब्रेक नसल्याने पुढच्या केसमध्ये घसरण्याची) वॉर्निंग डब्ल्यू-एक्स्ट्रात (जादा वॉर्निंगचा पर्याय) आणली तेव्हा पण हेच. लिनक्स कर्नलमध्ये २०२१ ला सगळ्यांसाठी चालू केलं आणि काही दिवसांतच डीफॉल्ट फक्त कंपाइल-टेस्टवाल्या (नुसतं कंपाइल होतंय का बघणाऱ्या) बिल्डपुरतं ठेवावं लागलं. फक्त सीआयवर (पुश केल्यावर आपोआप बिल्ड करणारी व्यवस्था) ठेवा.

गंजका_खिळा: रस्ट भाषेमध्ये पण तेच, कोडमध्ये डिनाय वॉर्निंग्ज (वॉर्निंगला एरर करणारी ओळ) लिहू नये, सीआयमध्ये द्यावं. तसं रस्टलाच या की.

कडकचहा: दोन दिवसांत रस्ट? आणि डब्ल्यू-ऑल म्हणजे सगळ्या वॉर्निंग नाहीत हे पण लक्षात घ्या.

घाटवाट: ते सगळ्यांना माहितीये.

कडकचहा: नसतं माहीत. अनयूज्ड पॅरामीटर (फंक्शनचा न वापरलेला पॅरामीटर) एक्स्ट्रात येतं, किती जण ऑलमध्ये शोधत बसतात.

माळरान: सीआयवरच टाका, वर सांगितलंय तसं. पण आधी वॉर्निंग कुठून येतात ते बघा, आमच्याकडे बऱ्याचशा बाहेरच्या लायब्ररींच्या हेडर फाइलमधल्या निघाल्या. सीमेकमध्ये त्या इन्क्लूडला सिस्टिम (हा बाहेरचा कोड अशी खूण) लावा, गप्प होतात. राहिलेल्यात जो प्रकार जास्त त्याला तेवढं नो-एरर द्या, म्हणजे वॉर्निंग दिसते पण बिल्ड थांबत नाही. सीमेक ३.२४ पासून वॉर्निंग-अ‍ॅज-एररचा वेगळा व्हेरिएबल आहे, तो वापरला तर ज्याला नको त्याला कमांडलाइनवरून बंद पण करता येतं.

शेवंती_१२: माळरान, मोठं काम केलंत. सिस्टिम लावल्यावर निम्म्याहून जास्त गेल्या, उरलेल्यात साइन-कम्पेअरच (साइन्ड आणि अनसाइन्ड आकड्यांची तुलना) भरपूर, त्याला नो-एरर दिलं. बाकीच्या दुरुस्त केल्या, त्यात एक खरंच न भरलेला व्हेरिएबल सापडला. पण फक्त सीआयवर नाही ठेवत, आमच्या दोघांच्या मशीनवर पण चालूच ठेवतेय. कंपायलर डॉकरमध्ये (सगळ्यांना सारखंच वातावरण देणारा कंटेनर) एकाच व्हर्जनवर बांधलेला आहे, सोर्स बाहेर कोणी बिल्ड करत नाही, त्यामुळे नव्या कंपायलरचा त्रास आम्हाला नाही. आणि एरर पुश केल्यावर कळण्यापेक्षा टाइप करतानाच कळलेली बरी.

कडकचहा: व्हर्जन बदलाल तेव्हा या परत.

रानमेवा: अ‍ॅनालायझरची ट्रायल तरी बघा.