स्पाइकला माफ करायचा हक्क कुणाचा, बफीचा की रॉबिन वुडचा?

शहापूरकर, बेळगाव:
'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चे सातही सीझन आम्ही घरात पुन्हा बघितले. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही मालिका १९९७ ते २००३ चालली. पिशाचांना मारण्यासाठी निवडलेल्या मुलीला स्लेयर म्हणतात. बफी तशी स्लेयर, आणि तिचा जीव जडतो तो दोन पिशाचांवरच. या मालिकेत पिशाच झालं की माणसाचा आत्मा जातो. आधी एंजेल, मग स्पाइक. दोघांच्याही मागे खुनांची रास. एंजेलला १८९८ मध्ये एका जिप्सी टोळीने शाप म्हणून आत्मा परत दिला, केलेलं सगळं आठवून जन्मभर जळत राहावं म्हणून. स्पाइक मात्र स्वतःच्या पायांनी आफ्रिकेत जातो, मरणाच्या परीक्षा देतो आणि आत्मा मिळवतो. म्हणून बहुतेक जण त्याचं प्रायश्चित्त मोठं मानतात.

मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आहे एक कोट. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्पाइकने निकी वुड या बफीच्या आधीच्या एका स्लेयरला मारलं आणि तिच्या अंगावरचा लेदरचा कोट काढून स्वतः घातला. सातव्या सीझनमध्ये निकीचा मुलगा रॉबिन समोर येतो. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. सूड घ्यायला जातो आणि मार खातो. स्पाइक त्याला जिवंत सोडतो, पण जाताना काय ऐकवतो? माझ्या आईचा माझ्यावर जीव होता, तुझ्या आईचा तुझ्यावर नव्हता. मग तोच कोट घेऊन चालू लागतो. आत्मा मिळाल्यावरची गोष्ट आहे ही! प्रेयसीने पदरात घेतलं की झालं का प्रायश्चित्त?

खानापूरचा गडी:
थांबा की जरा. रॉबिनने काय केलं ते सांगितलंच नाही तुम्ही. भिंतभर क्रूस लावलेल्या खोलीत त्याने स्पाइकला नेलं, स्पाइकच्या डोक्यातलं जुनं गाणं वाजवून मुद्दाम पिशाच जागं केलं आणि मग मारायला सुरुवात केली. तरी स्पाइकने त्याचा जीव घेतला नाही. शिवाय निकीला मारलं तेव्हा त्याला आत्माच नव्हता. त्याचा हिशेब आजच्या स्पाइककडून का मागायचा?

शहापूरकर, बेळगाव:
आत्मा नव्हता म्हणून दोष नाही, असं म्हणायचं असेल तर आत्मा आणायला गेला त्याचं श्रेयही त्याला देता येणार नाही. तेव्हाही आत्मा नव्हताच ना! आत्म्याशिवाय चांगलं निवडता येत होतं, तर वाईट टाळताही येत होतं.

निपाणीची लेक:
तुम्ही दोघेही आफ्रिकेबद्दल बोलताय, पण तो तिथे गेला कशामुळे ते कुणीच लिहीत नाही. सहाव्या सीझनमध्ये बफीच्या बाथरूममध्ये तो तिच्यावर जबरदस्ती करायला गेला. ती जखमी होती, नको नको म्हणत होती. शेवटी तिने लाथ मारून त्याला दूर लोटलं. त्यानंतर त्याला आत्मा आठवला. तो बदलला, हे मी मान्य करते. पण बदललेल्या माणसाला तिच्याच घरात, तिच्याच तळघरात जागा कशाला? आमच्याकडे अजून मुलींना सांगतात, लग्न झालं की सुधारेल, तू सांभाळून घे. निपाणीत सांगतात, चिकोडीत सांगतात, घरात मराठी बोलोत नाहीतर कन्नड. ज्या मुलीला त्रास झाला तिनेच त्याच्या सुधारणेची राखणही करायची, हे मला रोमान्स म्हणून बघवत नाही.

हिंडलगा रोड:
आमच्या भागात जेल जवळ, त्यामुळे शिक्षा भोगून आलेली माणसं आम्हाला नवी नाहीत. गल्लीतलाच एक जण भांडणात दुसऱ्याचा जीव घेऊन आत गेला होता. काही वर्षांनी सुटला. मेलेल्याची आई चार घरं पलीकडे राहते. गणपतीत आरतीचं ताट घरोघर फिरतं. पहिल्या वर्षी ताट याच्या हातात होतं. मावशींनी त्याला बघितलं आणि दार लावून घेतलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या घराच्या अलीकडेच ताट दुसऱ्या पोराच्या हाती देऊन तो मागे थांबायला लागला. अजून तसंच करतो. मावशींनी माफ केलेलं नाही, करतील असंही वाटत नाही. पण तो सुधारला का असं कुणी विचारलं तर मी ही ताटाची गोष्ट सांगते.

शहापूरकर, बेळगाव:
ताई, मला नेमकं हेच म्हणायचं होतं. कोट काढून रॉबिनच्या हातात दिला असता तर मी स्पाइकच्या बाजूने उभा राहिलो असतो.

खानापूरचा गडी:
पण मेलेल्यांच्या घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय प्रायश्चित्त पुरं होत नसेल तर ते कुणालाच शक्य नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. बायकापोरांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला, मग तो जपाला बसला, वारूळ चढलं, वाल्मीकी झाला. वाटेवर मारलेल्यांच्या घरी जाऊन त्याने कुणाचे पाय धरल्याचं कीर्तनकार सांगत नाहीत. त्याला ऋषी मानता ना?

निपाणीची लेक:
मानते. पण त्या वाटसरूंच्या बायकांनी त्याला ऋषी मानलं का, हा प्रश्न मला लहानपणीही पडायचा. आजीला विचारलं तर ती गप्प बसायची.

शहापूरकर, बेळगाव:
याच मालिकेत याचं उत्तर आहे, आणि ते एंजेलच्या वाट्याला आलंय. मधे त्याचा आत्मा पुन्हा गेला, तेव्हा त्याने बफीच्या शाळेतल्या शिक्षिकेला, जेनी कॅलेंडरला मारलं. बफीला शिकवणारा, तिचा सांभाळ करणारा जाइल्स, त्याचं जेनीवर प्रेम होतं. पायऱ्यांवर गुलाब, खाली संगीत चालू. जाइल्स हसत वर जातो आणि पलंगावर तिचं प्रेत. तिसऱ्या सीझनमध्ये आत्मा परत आलेला एंजेल जाइल्सच्याच दारात मदत मागायला येतो. जाइल्स त्याला आत घेतो, पण हातात बाण लावलेलं धनुष्य धरून! मदत करतो, माफीचं नाव काढत नाही. एंजेलही मागत नाही. म्हणजे घरच्यांनी हो म्हणायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं तरी राहावं.

खानापूरचा गडी:
मग शेवटचा भागही धरा. नरकाचं दार बंद करताना स्पाइक जळतोय, बफी हात धरून म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तो म्हणतो, नाही, पण म्हटलंस त्याबद्दल आभार. मिळत असलेलं बक्षीस त्याने स्वतःच परत केलं. तुमचा कोटाचा मुद्दा मी मान्य करतो, रॉबिनचं देणं राहिलंच. पण बफीकडून त्याने जाताना काही घेतलं नाही.

निपाणीची लेक:
हे मात्र खरं. तो प्रसंग मलाही आवडतो. तरी तळघराचं म्हणणं मी सोडत नाही.