दमलेल्या माणसाच्या चुकीला जबाबदार कोण?

निशाचर:
चूक झाली की पहिला प्रश्न, ‘लक्ष कुठे होतं?’ ‘किती तास जागा आहेस?’ असं कोणीच विचारत नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो, हे १९९७ सालीच प्रयोगात दिसलंय. पिऊन आलेल्याला कामावरून परत पाठवतात. डबल ड्युटी करणाऱ्याची मात्र पाठ थोपटतात. अशी चूक ड्युटी लावणाऱ्याच्या नावावर पडायला हवी.

परखड:
म्हणजे काम करणारा नामानिराळा? रात्री दोनपर्यंत मोबाइल चाळत बसायची ड्युटी कोणत्या साहेबाने लावली होती? आपण दमलोय हे ज्याचं त्याला कळतं. तसं सांगावं, नाहीतर काम दोनदा तपासावं.

निशाचर:
कळतं, हाच तर भ्रम आहे. २००३ च्या एका प्रयोगात काही जणांना दोन आठवडे रोज ६ तासच झोपू दिलं. लक्ष देण्याच्या चाचणीत त्यांच्या चुका वाढतच गेल्या, पण ‘झोप येतेय का?’ याचं त्यांचं उत्तर काही दिवसांनी फारसं बदलेना. शरीराला सवय झाली असं त्यांना वाटत असणार! आणि दोनदा तपासणार कोण? तेच दमलेलं डोकं. उघड्या डोळ्यांनीही मेंदू काही सेकंद डुलकी काढतो आणि त्या माणसाला पत्ताही नसतो.

तिसरी पाळी:
नुसते तास कापूनही भागत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांची सलग ड्युटी १६ तासांवर आणली, २०१७ मध्ये ती पुन्हा वाढवली. सर्जरी विभागांची तुलना केली तेव्हा तास कडक असोत की सैल, मृत्यू आणि गंभीर गुंतागुंतीत फरक निघाला नव्हता. पाळ्या वाढल्या की चार्ज देता-घेताना माहिती गळते, हे विसरू नका.

निशाचर:
तिथे मृत्यू मोजले. २००४ च्या अतिदक्षता विभागातल्या अभ्यासात चुका मोजल्या, दुसऱ्याने वेळीच पकडलेल्यासुद्धा. लांब पाळ्यांत गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत्या.

परखड:
आकडे राहू द्या. ओव्हरटाइम कापला की सगळ्यात आधी बोंब कोण मारतं?

निशाचर:
म्हणूनच तो निर्णय कोणाच्याच मर्जीवर नको. वैमानिकाची ठरलेली वेळ भरली की त्याला पुढचं उड्डाण घेता येत नाही, कितीही हौस असली तरी.

तिसरी पाळी:
आणि त्याच्या जागी बसायला दुसरा तयार असतो. आमच्याकडे ती भरती कोण करणार, तेवढं सांगा.