चित्रकला अजिबात येत नाही, तरी आर्ट ग्रुपला जाऊ का?

खिडकीजवळची:
दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, आता बरीच सावरलेय पण माणसांत जायचं म्हटलं की अजून धडकी भरते. काउन्सेलरने एक संस्था सुचवलीये, आठवड्यातून एकदा दोन तास, मातीकाम, कोलाज, चित्रं, कधी गाणी, फी नाही. पण शाळेत बाईंनी माझं चित्र सगळ्या वर्गाला दाखवलं होतं आणि सगळे हसले होते, तेव्हापासून ब्रश हातात धरलेला नाही. शिवाय तिथे आपली सगळी कहाणी सांगावी लागते का? खरंच फरक पडतो की नुसता वेळ जातो?

ओलीमाती:
जा. मी तीन वर्षं जातोय. कहाणी कुणी विचारत नाही. पहिले चार आठवडे मी कुणाशी बोललोच नाही, जुनी मासिकं फाडून चिकटवत बसायचो आणि शेजारचे काका फक्त "जरा डिंक सरकव" म्हणायचे, मला तेच इतकं बरं वाटायचं, कारण घरी जो तो "आता कसं वाटतंय" विचारायचा आणि इथे कुणाला तरी माझ्याकडून नुसता डिंक हवा होता. हात कामात असले की कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही, मग बोलणं आपसूक निघतं.
चित्र येत नाही याची काळजी सोड. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या लोकांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाजचं सामान देऊन बसवलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं हार्मोन) मोजलं, साधारण ७५ टक्के लोकांचं कमी झालं, आणि आधी कला येत होती की नव्हती याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, तुलनेला दुसरा गटही नव्हता, पण मला तरी पटतं.

रंगपेटी:
मी अशाच एका संस्थेत सेशन घेते. हे आर्ट थेरपीपेक्षा वेगळं आहे बरं का. थेरपीत प्रशिक्षित थेरपिस्ट असतो, उपचाराचं ध्येय ठरलेलं असतं. (तो शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्लिश चित्रकाराने आणला, टीबी झाल्यावर सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढून त्याला बरं वाटलं, मग त्याने बाकीच्या पेशंटनाही काढायला लावली.) आमच्याकडे कलाकार असतात, आम्ही चित्राचा अर्थ लावत नाही. कुणी "हा काळा रंग म्हणजे तुझं दुःख" वगैरे सुरू केलं तर सरळ उठून ये.
जाण्याआधी विचारून घे, मध्येच कुणाला त्रास झाला तर काय करतात, आणि तुझ्या चित्रांचे फोटो कुठे वापरणार. देणगीदारांना दाखवायला फोटो लागतात हे मी समजू शकते, पण तू नाही म्हणालीस म्हणून तुझी जागा जाता कामा नये. आणि ग्रुप किती दिवस चालणार तेही विचार. दहा-बारा आठवड्यांचे पैसे मिळतात, ते संपले की ग्रुप बंद, आणि माणसं तर तेव्हाच कुठे मोकळी व्हायला लागलेली असतात. याचा मला खरंच राग येतो.

धाकटीबहीण:
एकच सांगते, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस. माझ्या दादाला ग्रुपमध्ये इतकं छान वाटायला लागलं की त्याने आपल्या मनाने बंद केल्या आणि दोन महिन्यांत पुन्हा खाटेवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३००० च्या वर अभ्यास एकत्र पाहून कलेचा मानसिक आरोग्याला उपयोग होतो असं म्हटलंय, पण औषधं सोडा असं त्यात कुठे नाही. तो आता गोळ्याही घेतो आणि गायलाही जातो.

खिडकीजवळची:
सगळ्यांना खूप थँक्यू. आधी फोन करून फोटोचं विचारलं, त्याला वेगळी सही लागते म्हणाले, मी केली नाही आणि कुणी काही बोललं नाही. काल गेले. दारात दहा मिनिटं उभी होते, मग आतल्या एका आजींनी मातीचा गोळा हातात दिला, "मळ, घट्ट झालीये" म्हणाल्या. वाटी केलीये, एका बाजूला कललीये. पुढच्या आठवड्यापर्यंत वाळेल, रंगवू की तशीच ठेवू ते ठरत नाहीये.