शेतांची जुनी नावं गावनकाशावर कशी बसवावीत?

प्रश्न: चिंचेचं टेपाड, गुरवाची पट्टी अशी नावं जाणती माणसं सांगतात, पण जुन्या नकाशावर गट नंबरच जुळत नाहीत. काय करावं?

उत्तर १: नकाशा एकत्रीकरणाआधीचा, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून नवे गट नंबर देण्याआधीचा असणार, त्यावर जुने सर्व्हे नंबर असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा [९(३), ९(४)] उतारा काढा. जुना नंबर आणि नवा गट दोन्ही त्यात मिळतात. सातबाऱ्यावरचा ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकानाही बघा, बरेचदा रिकामाच असतो म्हणा.

उत्तर २: नाव बांधावर उभं राहूनच विचारा. ओसरीवर सांगितलेलं नाव हमखास शेजारच्या शेताला चिकटतं. उच्चार रेकॉर्ड करा, ‘टेपाडा’ची ‘टेकडी’ करू नका. जीपीएसचा एकच बिंदू पुरत नाही, कडेनं फिरून हद्द घ्या. एका नावाखाली तीन-चार गटही येतात. ओढ्या-पाणवठ्यांसाठी गुराख्यांना गाठा.